आधी गणित, मग विमानाचं तिकीट

‘क्वांटिटेटिव्ह इकॉनॉमिक्स अँड मॅनेजमेंट’ किंवा नुसतं ‘क्वांटिटेटिव्ह इकॉनॉमिक्स’ अशा नावाच्या परदेशातल्या मास्टर्सचा विषय घरात निघाला, की पहिली चर्चा होते पैशांची. कर्ज किती, तारण काय, फ्लॅटची कागदपत्रं कुठे ठेवली आहेत. मग व्हिसा. मग तिथली थंडी आणि जेवणाखाण्याचं कसं होणार. हे सगळं बोलायलाच हवं. पण माझं कळकळीचं सांगणं आहे, त्याआधी एक प्रश्न विचारा : गणित कितपत येतं? बारावीला किती मार्क पडले ते विचारत नाही. आज, या घडीला, कागद-पेन घेऊन बसलं तर काय सोडवता येतं, ते विचारतोय.

मी अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना संख्याशास्त्र शिकवतो. आपल्याकडे अर्थशास्त्राकडे येणाऱ्या मुलांत गणित सोडून आलेली मुलं पुष्कळ असतात. दहावीनंतर गणिताचा पिच्छा सुटावा म्हणून आर्ट्स, किंवा कॉमर्सला गणिताऐवजी दुसरा विषय. ही मुलं हुशार असतात, वाचतात, चांगलं लिहितात. त्यांना अर्थसंकल्प समजतो, रिझर्व्ह बँकेचं पतधोरण समजतं. ‘क्वांटिटेटिव्ह’ हा शब्द त्यांना नोकरीच्या बाजारातलं वजन वाढवणारं विशेषण वाटतो. प्रत्यक्षात पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत तेच शिकायचं असतं. हे आधी कुणी सांगत नाही आणि कळतं तेव्हा मूल सात हजार किलोमीटर दूर असतं.

मी इथे मुख्यतः जर्मनीबद्दल लिहितो, कारण सध्या सगळ्यात जास्त विचारणा तिथलीच होते आणि फी नाही म्हणून मध्यमवर्गीय घरांचा ओढाही तिकडेच आहे. अर्थशास्त्र शिकायला मराठी माणूस परदेशी जातो याला शंभर वर्षं होऊन गेली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले, पुढे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून त्यांनी डी.एस्सी. घेतली आणि १९२२ मध्ये जर्मनीतल्या बॉन विद्यापीठातही नाव नोंदवलं होतं. त्याच बॉनमध्ये राइनहार्ड झेल्टेन प्राध्यापक होते. जॉन नॅश आणि जॉन हार्सनी यांच्यासह त्यांना १९९४ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते गेम थिअरीसाठी. बॉनच्या आधी ते बीलेफेल्डला होते, आणि बीलेफेल्डला गणिती अर्थशास्त्राची स्वतंत्र संस्था आजही आहे. या गावांची ही परंपरा लक्षात घ्या. तिथल्या विभागांत अर्थशास्त्र आणि गणित यांच्यामध्ये भिंत नाही.

तेव्हा माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि त्या अभ्यासक्रमाचं मॉड्यूल हँडबुक शोधा. जर्मनीतली विद्यापीठं ते बहुधा आपल्या संकेतस्थळावर पीडीएफच्या रूपात ठेवतात, ते मोफत उतरवून घेता येतं. दिसायला अगदी रूक्ष प्रकार. एका विषयाला एक-दोन पानं. वर विषयाचं नाव, मग क्रेडिट, मग तास, मग आधी काय यायला हवं, परीक्षा कशी आणि पुस्तकं कोणती. एक उदाहरण घेऊ. ‘ॲडव्हान्स्ड मायक्रोइकॉनॉमिक्स’, ९ क्रेडिट. जर्मनीत एक क्रेडिट म्हणजे साधारण ३० तासांचं काम, म्हणजे या एका विषयाचे २७० तास झाले. त्यातले वर्गातले जेमतेम साठेक, बाकीचे दोनशेच्या वर तास आपल्या खोलीत, आपल्या टेबलाशी. सत्राला असे ३० क्रेडिट, म्हणजे ९०० तास. पूर्ण मास्टर्स १२० क्रेडिटचं. नोकरी करून जमेल का, या प्रश्नाचं निम्मं उत्तर या आकड्यांतच आहे.

आता पुस्तकांच्या रकान्यात बघा. मास-कोलेल, व्हिन्स्टन आणि ग्रीन यांचं ‘मायक्रोइकॉनॉमिक थिअरी’ तिथे दिसण्याची शक्यता मोठी आहे. १९९५ सालचं, जवळजवळ हजार पानांचं पुस्तक. आपल्याकडे सूक्ष्म अर्थशास्त्राची सुरुवात मागणीच्या नियमानं होते : किंमत वाढली, मागणी घटली, डावीकडून उजवीकडे खाली येणारा वक्र. या पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात किंमत नाही, वक्रही नाही. माणूस दोन पर्यायांपैकी एकाला पसंती देतो, या साध्या गोष्टीपासून सुरुवात. ती पसंती कुठल्याही दोन पर्यायांबद्दल सांगता आली पाहिजे, आणि क ला ख पेक्षा व ख ला ग पेक्षा पसंती असेल तर क ला ग पेक्षा पसंती असली पाहिजे. एवढं गृहीत धरून पुढे काय काय निघतं ते सिद्ध करत जायचं. वाचायला मराठीत सोपं वाटतं. पण ‘सिद्ध करा’ असं परीक्षेत आलं की आपल्या मुलांचं पेन थांबतं, कारण पदवीच्या तीन वर्षांत त्यांना कुणी एकही सिद्धता स्वतः लिहायला लावलेली नसते. हा मुलांचा दोष नाही, आपल्या अभ्यासक्रमाचा आहे. पण तिथल्या पेपरात त्याची सवलत मिळत नाही.

इकॉनोमेट्रिक्सचंही तेच. आपण बीएला रिग्रेशनचं सूत्र पाठ करून आकडे घालतो. तिथे पहिल्या दोन-तीन आठवड्यांत सगळं मॅट्रिक्सच्या भाषेत जातं, आणि मॅट्रिक्सचा व्यस्त म्हणजे काय हे सांगायला कुणी थांबत नाही.

एवढी उस्तवार कशासाठी करायची, तेही सांगतो. डिसेंबर २०२३ मध्ये कांदा निर्यातीवर बंदी आली आणि मे २०२४ मध्ये उठली. लासलगावच्या बाजारात या काळात भाव खाली-वर झाले त्यात बंदीचा वाटा किती, आवकेचा किती, हवामानाचा किती, हे वेगवेगळं काढून दाखवणं ही या विषयाची खरी परीक्षा. चौकात बसून प्रत्येक जण आपलं मत देतोच. आकड्यांतून कारण वेगळं काढण्याच्या पद्धती मात्र अलीकडच्या आहेत, आणि त्यांच्यासाठी कार्ड, अँग्रिस्ट आणि इम्बेन्स यांना २०२१ चं नोबेल मिळालं. पुण्याच्या गोखले संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणीच्या आकड्यांवरून देशातलं दारिद्र्य मोजून दाखवलं, तेही याच जातकुळीचं काम होतं. आपल्याकडे असं काम करणारी माणसं हवी आहेत. म्हणूनच जाऊ नका असं मी कुणाला म्हणत नाही. तयारीनं जा, एवढंच म्हणतोय.

तयारी आहे की नाही हे घरबसल्या, एकही रुपया न घालवता कळतं. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटचा (आयएसआय) क्वांटिटेटिव्ह इकॉनॉमिक्समधला मास्टर्स आहे, एमएसक्यूई. त्याच्या प्रवेशपरीक्षेत दोन पेपर असतात, एक गणिताचा आणि एक अर्थशास्त्राचा, आणि जुन्या प्रश्नपत्रिका कुणालाही पाहता येतात. गणिताचा पेपर घड्याळ लावून सोडवा. मोबाईल दुसऱ्या खोलीत. निम्मे प्रश्न सुटले तर पाया बरा आहे. चार-पाचच सुटले तर निराश होऊ नका, पण यंदाचं वर्ष अर्ज करण्यात घालवू नका. सायमन आणि ब्लूम यांचं ‘मॅथेमॅटिक्स फॉर इकॉनॉमिस्ट्स’ ग्रंथालयातून आणा. एमआयटीच्या गिल्बर्ट स्ट्रँग यांची लिनिअर अल्जिब्राची व्याख्यानं मोफत आहेत, एनपीटीईएलवर आपल्याच आयआयटींच्या प्राध्यापकांची आहेत. वर्षभर रोज दोन तास दिलेत तर पुढच्या वर्षी तुम्ही वेगळे विद्यार्थी असाल. एक वर्ष गेलं म्हणून नातेवाईक बोलतील. बोलू द्या.

इंजिनिअर झालेल्यांना वाटतं, गणित आमच्या हातचा मळ आहे, आम्हाला कोण अडवणार? त्यांना अडवणारी गोष्ट वेगळी आहे. अर्थशास्त्राच्या बहुतेक जर्मन मास्टर्सना पदवीत अर्थशास्त्राचे ठरावीक क्रेडिट लागतात : सूक्ष्म, स्थूल, इकॉनोमेट्रिक्स. चार वर्षं मेकॅनिकल किंवा कॉम्प्युटर केलेल्या मुलाकडे ते नसतात, आणि कितीही उत्तम गुण असले तरी अर्ज छाननीतच बाजूला पडतो. अशांनी प्रवेशाच्या अटींचं पान शब्दन् शब्द वाचावं. अभियंत्यांना घेणारे मॅनेजमेंटकडे झुकलेले अभ्यासक्रम वेगळे असतात, ते शोधावेत.

‘मॅनेजमेंट’ या शब्दानंही गैरसमज होतो. कित्येक पालक याला एमबीए समजतात. जर्मनीतल्या क्वांटिटेटिव्ह अभ्यासक्रमात मॅनेजमेंट म्हणजे बऱ्याचदा ऑपरेशन्स रिसर्च : गोदामात माल किती ठेवावा, ट्रकचा मार्ग कसा आखावा, यंत्रांवर कामं कुठल्या क्रमानं लावावीत. पुन्हा गणितच. आणि आपल्या व्यवस्थापन संस्थांत असतो तसा प्लेसमेंट सेल तिथल्या सरकारी विद्यापीठांत नसतो. करिअरबद्दल मार्गदर्शन करणारा कक्ष असतो, पण कंपन्या आवारात येऊन पॅकेज देऊन जात नाहीत. नोकरी ज्याची त्यानं शोधायची. शिक्षण संपल्यावर त्यासाठी दीड वर्षाचा परवाना मिळतो, ही चांगली सोय आहे. पण मॅनेजमेंटकडच्या नोकऱ्यांना जर्मन भाषा लागते, आणि ‘अभ्यासक्रम इंग्रजीत आहे’ हे वाक्य ऐकून बऱ्याच जणांनी जर्मन शिकणं टाळलेलं असतं. पुण्या-मुंबईत मॅक्स म्युलर भवन आहे. निघायच्या आधी निदान बी-वन पातळी गाठा. ज्यांच्या डोळ्यांसमोर फ्रँकफर्टची युरोपीय मध्यवर्ती बँक आहे, त्यांनी हेही जाणून असावं की तिथली कायम नोकरी सर्वसाधारणपणे युरोपीय संघाच्या नागरिकांसाठी असते.

आता पैशांचं. सरकारी विद्यापीठांत बहुतेक राज्यांत फी नाही, सत्राचं शंभर ते चारशे युरोंच्या दरम्यान वर्गणीवजा शुल्क असतं. बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सत्राला १,५०० युरो पडतात, आणि अर्थशास्त्रासाठी नावाजलेलं मानहाइम याच राज्यात आहे. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो आधीच भरून दाखवावे लागतात. ही रक्कम सप्टेंबर २०२४ पासूनची आहे, ती वाढत आली आहे, अर्ज करताना पुन्हा पाहा. हे पैसे तुमचेच असतात, दरमहा ९९२ युरो तुम्हाला मिळत जातात. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर वर्षाचे बारा लाख, दोन वर्षांचे चोवीस. शिवाय तिकीट, विमा, सुरुवातीच्या महिन्यांची अनामत रक्कम. म्युनिकमध्ये ९९२ युरोंत महिना काढणं कठीण, खोलीच त्यातला मोठा भाग खाते. पूर्वेकडच्या लहान शहरांत त्याच पैशांत नीट राहता येतं. ‘फी नाही’ याचा अर्थ ‘खर्च नाही’ असा घेऊ नका.

उरलेलं तिथे काम करून भागवू, हा हिशेब फार घरांतून ऐकू येतो. कायद्यानं वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. मार्च २०२४ पासून ही मर्यादा वाढवली आहे. पण वरचे ९०० तास आठवा. गोदामात रात्रपाळी करून सकाळी सिद्धता लिहायला बसणाऱ्या मुलांची अवस्था वाईट होते. शिवाय पदवीला असतात तसे अंतर्गत गुण तिथे बऱ्याच विषयांत नसतात. सत्राअखेर दीड-दोन तासांची एक लेखी परीक्षा, तीच सगळं ठरवते. नापास झालं तर पुन्हा बसता येतं, पण संधी मोजक्या, बहुतेक ठिकाणी तीन. त्या संपल्या तर तो अभ्यासक्रमच सोडावा लागतो, आणि निवासाचा परवाना शिक्षणाशी बांधलेला असतो. आईबाबांनी हे नीट समजून घ्यावं आणि पहिल्या सत्राचा तरी पूर्ण खर्च आपल्याकडे तयार ठेवावा, म्हणजे मुलाला ऑक्टोबरपासूनच कामाच्या मागे धावावं लागणार नाही. एक काम मात्र जरूर शोधावं : विद्यापीठातच प्राध्यापकाच्या हाताखाली आकडेवारी साफ करण्याचं किंवा खालच्या वर्गांना उदाहरणं सोडवून दाखवण्याचं. पैसे थोडे, पण विषय पक्का होतो.

सल्लागार कंपन्यांबद्दल स्पष्टच सांगतो. फुकट सल्ला देणाऱ्याचे पैसे कुणीतरी देतच असतं. बऱ्याच वेळा ती फी घेणारी खासगी संस्था असते, म्हणून सरकारी विद्यापीठाचं नाव तुमच्या यादीत शेवटी येतं किंवा येतच नाही. एका ओळखीच्या कुटुंबानं दाखवलेल्या यादीत पाचही संस्था खासगी होत्या आणि पाचांपैकी एकाही अभ्यासक्रमात इकॉनोमेट्रिक्स नव्हतं. नाव मात्र प्रत्येकाचं भारदस्त. जर्मन उच्चशिक्षणाची सगळी अधिकृत यादी होखशुलकोम्पास या संकेतस्थळावर आहे, डाड या जर्मन शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेची स्वतःची यादी आहे, दोन्ही मोफत. संस्था सरकारी की खासगी हे तिथे लिहिलेलं असतं. एका संध्याकाळचं काम आहे. मुलानं आणि पालकांनी शेजारी बसून ते करावं.

गुणांचं रूपांतर कसं होतं हेही स्वतः काढून बघा. जर्मनीत १ सर्वांत वरचा, ४ म्हणजे काठावर पास. सूत्र साधं आहे : कमाल गुणांतून आपले गुण वजा करा, त्याला कमाल आणि किमान पास गुणांतल्या फरकानं भागा, तीननं गुणा, एक मिळवा. शंभरपैकी ७० मिळाले आणि पास ४० ला असेल तर तीस भागिले साठ, गुणिले तीन, अधिक एक : २.५. अभ्यासक्रमाला २.५ पर्यंतची अट असेल तर तुम्ही बरोबर उंबऱ्यावर आहात. आपलं विद्यापीठ तिथे मान्य आहे का, ते आनाबिन या त्यांच्या सूचीत पाहता येतं. आणि नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचं, प्रमाणपत्र सक्तीचं आहे. त्याची फी १८,००० रुपये, शिवाय वेळ लागतो, म्हणून सगळ्यात आधी त्याचाच अर्ज.

शिष्यवृत्त्यांत सगळ्यात मोलाची वाटते ती युरोपीय संघाच्या इरॅस्मस मुंडुसची. क्यूईएम नावाचा संयुक्त मास्टर्स आहे, त्यात पॅरिसचं पॅन्थेऑन-सोरबॉन, बार्सिलोनाचं स्वायत्त विद्यापीठ, बीलेफेल्ड आणि व्हेनिसचं का’ फोस्कारी ही विद्यापीठं आहेत. विद्यार्थी एकाहून अधिक देशांत शिकतात आणि शिष्यवृत्ती मिळाली तर दरमहा १,४०० युरो आणि फी माफ. चुरस जबरदस्त असते, पण अर्ज करायला हरकत नाही. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिला विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते आणि इथेच घोटाळा होतो : मानहाइमसारखं अर्थशास्त्रात अव्वल विद्यापीठ एकूण क्रमवारीत बरंच खाली दिसतं. तेव्हा प्रवेश घेण्याआधी त्या वर्षीची जाहिरात वाचा. मुंबईची जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२ पासून परदेशी शिक्षणासाठी कर्जाऊ शिष्यवृत्ती देते, तिकडेही पाहा.

आणि इथल्या संस्था विसरू नका. आयएसआयच्या एमएसक्यूईला शिकवणी शुल्क नाही, उलट विद्यावेतन मिळतं. गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था रिझर्व्ह बँकेनं १९८७ मध्ये उभी केली, आरेच्या झाडीला लागून. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आहे, पुण्यात गोखले संस्था आहे. यांतल्या एखाद्या ठिकाणाहून मास्टर्स करून मग पीएच.डी.ला परदेशी जाणारे पुष्कळ आहेत, त्यांना तिथे पगारासारखं विद्यावेतनही मिळतं. ज्या घराला चोवीस लाखांचं कर्ज झेपणार नाही, त्या घरातल्या हुशार मुलीसाठी मला हा मार्ग अधिक चांगला वाटतो, आणि तो कमीपणाचा अजिबात नाही. आईवडिलांनी नातेवाइकांसमोर तसं ठामपणे सांगावं.

जर्मनीतलं मुख्य सत्र ऑक्टोबरात सुरू होतं. युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी बऱ्याच विद्यापीठांची मुदत मार्च ते मे दरम्यानच संपते, आणि त्याआधी एपीएस हातात हवं. म्हणजे पुढच्या वर्षी जायचं असेल तर ठरवण्याची वेळ या दिवाळीची सुट्टी. त्या सुट्टीतले तीन तास काढा, आयएसआयचा जुना पेपर प्रिंट करून घ्या, दार लावून सोडवा आणि मार्क आईबाबांना खरे सांगा. बँकेत त्यानंतर जा.